कुंकवाच्या करंड्यातली किल्ली

लंडनजवळच्या हॅरोतल्या आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकही वस्तू घाईने घेतली नाही, आणि जी एक वस्तू त्यांना मनापासून हवी होती ती तर घेतलीच नाही. ती त्यांच्या हातात वेळेवर आली नाही याचं कारण मी आहे. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून मोकळा होतो. नाहीतर नेहमीप्रमाणे मी गमतीजमती सांगत बसेन आणि मुद्द्याची गोष्ट तशीच राहून जाईल. गमतीजमतीही पुष्कळ आहेत, नाहीत असं नाही.

नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. मी पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला, तिशीला टेकलेला, एका बँकेच्या सॉफ्टवेअरची डागडुजी करणारा इसम. सहा महिन्यांपुरती म्हणून मी त्यांच्या घरातली वरची मागची खोली घेतली आणि सहा वर्षं राहिलो. त्यांना मी काका म्हणायचो, ते मला नुसतं 'अरे' म्हणायचे. काकांनी उभी हयात इकडच्या रेल्वेच्या सिग्नलच्या कामात घालवली होती. "सिग्नलवाल्याची चूक दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येते," असं ते म्हणायचे, आणि रिटायर झाल्यावरही आपली चूक पेपरात येईल या धास्तीनेच जगायचे. साधी केटल घ्यायची तर अकरा महिने. दर शनिवारी ते दुकानात जाऊन केटलीचं झाकण उघडायचे, मिटायचे, वजन हातावर तोलायचे, वायरची लांबी वितीने मोजायचे आणि 'थँक यू, आय विल थिंक' म्हणून परत यायचे. अकराव्या महिन्यात निर्णय झाला तेव्हा कंपनीने ती केटल बनवणं बंद केलं होतं. काकूंनी तोवर पातेल्यातच चहा केला आणि नंतरही पातेल्यातच केला. "यांनी आयुष्यात एकच गोष्ट सात मिनिटांत ठरवली," काकू सांगायच्या, "मिरजेला आमच्याकडे पोहे खायला आले होते तेव्हा मला." यावर काका चष्मा पुसत म्हणायचे, "अगं, ट्रेन होती परतीची."

अशा माणसाने एका रविवारी, वरणभातावर तूप वाढून घेता घेता, आपल्याला रायफल घ्यायची आहे असं जाहीर केलं. काकूंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. मला वाटलं, काका काहीतरी वेगळं म्हणाले आणि मला नीट ऐकू आलं नाही. पण जेवण झाल्यावर त्यांनी एक फाइल आणली आणि तिच्यातून एक पिवळा पडलेला कागद काढला. कागदावर काळी वर्तुळं होती आणि मधोमध पाच भोकं, इतकी जवळजवळ की दहा पैशांच्या नाण्याखाली झाकून जावीत. कॉलेजात असताना एनसीसीत मारलेल्या पाच गोळ्या. त्या पाच भोकांच्या जिवावर त्यांची दिल्लीच्या स्पर्धेसाठी निवड झाली होती, आणि नेमक्या त्याच आठवड्यात बहिणीचं लग्न निघालं. वडील म्हणाले, मांडव कोण घालणार? काकांनी मांडव घातला. दिल्लीला दुसराच गेला. पुढे नोकरी, विलायत, मुलगी, घराचे हप्ते. रिटायर झाल्यावर जवळच्या एका रायफल क्लबात लोकांना आत येऊन बघू देण्याचा दिवस होता, तिथे हे सहज म्हणून डोकावले. "रायफलीचा बट गालाला लावला रे," काका मला म्हणाले, "आणि मला कॉलेजच्या मैदानावरच्या गवताचा वास आला. चाळीस वर्षांनी. आता बोल."

मी काय बोलणार? काकू मात्र बोलल्या. क्लबात जाऊन कागदाला भोकं पाडायला त्यांची ना नव्हती. घोडं अडलं हरणापाशी. काकांचा रेल्वेतला एक जुना गोरा दोस्त लेस्टरच्या पुढे शेती करत होता. त्याने लावलेली कोवळी झाडं ठिपक्यांची हरणं येऊन सोलून खायची. दरवर्षी कायद्यात बसवून काही हरणं मारावी लागतात, तू ये आणि एक तरी मार, असं आमंत्रण त्याने काकांना देऊन ठेवलं होतं. आता काका जन्माचे शाकाहारी. मराठी मंडळाच्या जेवणात शेजारच्या पानात अंडाकरी आली तर स्वतःचं पान चार बोटं सरकवून घेणारे. "हरणामागे धावून आजवर कुणाचं भलं झालंय?" काकू म्हणाल्या. काका म्हणाले, "मी खाणार नाहीये. तो खाईल. मी फक्त झाडं वाचवणार." "मग झाडांना कुंपण घाला की!" हे ऐकून काका बागेत गेले.

त्यानंतर निवड सुरू झाली, आणि निवड म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. काकांनी एक वही घातली. डाव्या पानावर 'निशाण', उजव्या पानावर 'हरीण'. त्यांना दोन्हींसाठी मिळून एकच रायफल हवी होती, कारण पहिली रायफल म्हणजे घरातली पहिली सून, तिचं सगळ्यांशी जमलं पाहिजे, असं त्यांचं तत्त्व. पण ज्या रायफलीने निशाण मारायचं तिची नळी जाड आणि जड हवी, म्हणजे हात हलला तरी ती हलत नाही. आणि जी घेऊन हरणामागे चिखलातून चालायचं ती हलकी हवी. "म्हणजे एकाच माणसाने बैठकीत ख्यालही गायचा आणि पळण्याच्या शर्यतीतही उतरायचं," काका चिंतेने म्हणाले. कॉलेजातली पॉइंट टू-टू मापाची रायफल हरणाला चालत नाही, कायदाच तसा आहे, एवढ्याशा गोळीने जनावर नुसतं जखमी व्हायचं. दुकानदाराने सुचवलेली मोठी थ्री-ओ-एट कशालाही चालते, पण खांद्याला लाथ मारते. "गोळी हरणाची आहे, खांदा माझा आहे," असा शेरा वहीत पडला. मधली टू-फोर-थ्री काकांच्या मनात भरली होती, पण मनात भरली म्हणूनच त्यांना तिचा संशय यायचा. लाकडी दस्ता घ्यावा की प्लॅस्टिकचा यावर एक अख्खा हिवाळा गेला. प्लॅस्टिक पावसात फुगत नाही हे मान्य करूनही शेवटी ते म्हणाले, "प्लॅस्टिकच्या पाटावर बसून जेवलेलं अंगी लागतं का?"

वजनाचा अंदाज यावा म्हणून त्यांनी एका झाडूच्या दांड्याला अर्ध्या अर्ध्या किलोच्या तूरडाळीच्या सात पिशव्या दोरीने बांधल्या आणि तो दांडा खांद्याला लावून ते मागच्या बागेत फेऱ्या मारू लागले. मधेच थांबून गुडघ्यावर बसायचे, मग पालथे पडायचे, मग कोपरांवर सरकत गुलाबाच्या वाफ्यापर्यंत जायचे. शेजारची म्हातारी मड्डम बिचारी कुंपणावरून दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने काकूंना हळूच विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना? काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी मागे वळूनही न बघता सांगितलं, "ही इज चूझिंग." मड्डमला ते पटलं असावं, कारण तिने केटलीचा किस्सा ऐकलेला होता.

महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही लंडनबाहेरच्या एका बंदुकीच्या दुकानात जायचो. 'आम्ही' म्हणजे ते वही घेऊन आणि मी त्यांची छत्री घेऊन. मी का जायचो? खरं सांगू, मला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मला काका आवडायचे. हापिसात दिवसभर कोणी माझ्याशी कामापलीकडे बोलायचं नाही, आणि हे गृहस्थ मला जणू मी त्यांचा जुना सहकारी असल्यासारखे विचारायचे, "अरे, गोळी चढवायच्या बोल्टची मूठ तुला जरा आखूड नाही वाटत?" मी म्हणायचो, वाटते. ते वहीत लिहायचे, 'मूठ आखूड, यालाही वाटते.' दुकानाचा मालक पांढऱ्या मिशांचा, फार सोशिक माणूस होता. पहिल्या वर्षी तो किमती सांगायचा, दुसऱ्या वर्षी त्याने ते सोडून दिलं, तिसऱ्या वर्षी आम्ही दारात दिसलो की तो न विचारता तीन कप चहा टाकायचा. काका रायफल हातात घ्यायचे तेव्हा मात्र मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचो. ती गालाला लागली की त्यांच्या कपाळावरच्या सगळ्या आठ्या जायच्या. तो चेहरा केटली मोजणाऱ्या माणसाचा नसायचा.

अशाच एका शनिवारी, परतताना, मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत त्यांनी मला सांगितलं. डाव्या डोळ्याचा पडदा दोन वर्षांपूर्वीच खराब झाला होता, ते काकूंना आणि मला माहीत होतं. आता उजव्यातही तेच सुरू झालं होतं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं, की वर्षभर बरं दिसेल, पुढचं सांगता येत नाही. "निशाण उजव्या डोळ्यानेच धरतात," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "हिला बोलू नकोस. ती आधी बंदूक बंद करेल आणि मग रडेल."  वेंब्ली पार्क स्टेशन गेलं, त्यांनी वही उघडली, मिटली, आणि म्हणाले, "चार वर्षं फुकट घालवली रे मी." हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला त्यांच्या धास्तीपेक्षा त्यांची ही घाई मनाला जास्त लागली. पुढच्या शनिवारी ते दुकानात शिरले, चहाला नको म्हणाले, भिंतीवरची एक जुनी, कोणीतरी वापरून विकलेली टू-फोर-थ्री उचलली, अक्रोडाच्या लाकडाची, बट एका ठिकाणी खरचटलेला. गालाला लावली. "ही," ते म्हणाले. मी घड्याळात बघितलं होतं, सात मिनिटं झाली होती. मालकाने डोळे पुसल्यासारखं केलं आणि ट्रिगरभोवतीच्या कड्याला काकांच्या नावाची चिठ्ठी बांधून ती आत ठेवून दिली. परवाना आणा, घेऊन जा.

परवान्यासाठी पोलिसांकडे अर्ज करावा लागतो. अर्जाला दोन बाहेरच्या माणसांची साक्ष लागते, की हा गृहस्थ भला आहे. नात्यातलं चालत नाही. एक साक्षीदार रायफल क्लबचे सेक्रेटरी, दुसरा मी. मला इतका अभिमान वाटला की मी पुण्याला फोन करून आईला सांगितलं. दसरा पाच महिन्यांवर होता. इतकी वर्षं खंडेनवमीला काका शस्त्रपूजा म्हणून पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर मांडायचे आणि मी माझा लॅपटॉप मांडायचो. "यंदा पाटावर खरं शस्त्र असेल," ते म्हणाले. "आणि दसरा झाला की लेस्टर."

रायफल ठेवायचं पोलादी कपाट आधी भिंतीत बोल्टने बसवावं लागतं. ते जिन्याखाली बसलं. आता त्याची किल्ली. नियम असा, की किल्ली कुठे असते हे परवाना असणाऱ्यालाच माहीत हवं, बायकोलासुद्धा नाही. काकांनी तो नियम सात वेळा वाचला आणि किल्ली तांदळाच्या डब्यात पुरली. काकूंनी दुपारी भात टाकताना ती काढून टेबलावर ठेवली. मग गीझरच्या मागे, मग जुन्या बुटात, मग पंचांगाच्या पुठ्ठ्यात. प्रत्येक ठिकाणाहून काकूंनी ती धूळ झटकून परत आणून दिली, वर "अहो, ही तुमची पडली होती" असं म्हणत. नवव्या जागेनंतर काकांनी हार मानली. मराठी घरात बायकोला माहीत नाही अशी जागाच नसते, हे ब्रिटिश सरकारला कोण सांगणार? शेवटी किल्ली देवघरातल्या कुंकवाच्या करंड्यात गेली. चोर झाला तरी देवाच्या फळीवर हात घालणार नाही, हा हिशेब. "हे बाहेर बोलायचं नाही," काकांनी मला बजावलं. मी मान डोलावली.

परवान्याच्या कामाचा अधिकारी एका मंगळवारी येऊन गेला. उंच, लाजाळू, फार चांगला माणूस. त्याने कपाट दोन्ही हातांनी हलवून बघितलं, हललं नाही. काकांना विचारलं, किल्ली सुरक्षित आहे ना? काका म्हणाले, आहे. काकूंनी त्याला स्वयंपाकघरात बसवून चहा आणि चकली दिली, त्याने पाच खाल्ल्या. जाताना म्हणाला, सगळं उत्तम आहे, आता फक्त साक्षीदारांशी एकदा फोनवर बोलायचं राहिलंय. काकांनी त्या संध्याकाळी शिट्टी वाजवली. मी सहा वर्षांत तेवढीच ऐकली.

गुरुवारी मला सुट्टी होती. काका ग्रंथालयात गेले होते. हॉलमध्ये फोन वाजला, मी घेतला. काकू आत पोळ्या लाटत होत्या. तोच अधिकारी. त्याने विचारलं, तुमच्या मते हे गृहस्थ काळजीपूर्वक वागणारे आहेत का? आता मला असा प्रश्न विचारायचा म्हणजे नंदीबैलाला मान हलव म्हणण्यासारखं. मी त्याला केटल सांगितली. तो हसला. गोरा माणूस माझ्या विनोदाला हसला की मी वाहवत जायचो, हा माझा तेव्हाचा रोग. मी डाळीच्या पिशव्या सांगितल्या. तो आणखी हसला. आणि मग, काकांचं आणखी किती भलं करू असं होऊन, मी म्हणालो, "आणि किल्ली तर साक्षात देवापुढे असते, साहेब! कुंकवाच्या डबीत. काकू रोज सकाळी आंघोळ करून ती उघडतात, कुंकू लावतात, किल्ली पुसून परत ठेवतात. पारोशा हाताने तिथे कोणी शिवत नाही." पारोशाला इंग्रजी शब्द सुचेना म्हणून मी 'अनबाथ्ड' म्हणालो. पलीकडचं हसू थांबलं. मग त्याने अगदी सौम्यपणे विचारलं, "आणि तुम्हाला हे कसं माहीत?" मी छाती फुगवून म्हणालो, "घरात सगळ्यांनाच माहीत आहे!" उचलली जीभ लावली टाळ्याला. काकांनी 'बाहेर बोलू नकोस' म्हटलं होतं, पण बाहेर म्हणजे चोरापोरांत, असं मी समजलो होतो. पोलिसांपासून काय लपवायचं! फोन ठेवला तेव्हा मी खूश होतो. आतून लाटण्याचा आवाज येत नव्हता, एवढं फक्त मला आठवतं.

आठ दिवसांनी पत्र आलं. किल्लीची जागा अर्जदाराखेरीज घरातल्या इतरांनाही माहीत असल्याचं समजलं आहे. कुलूप बदलावं, मग पुन्हा तपासणी होईल, अर्ज तोवर बाजूला ठेवला आहे. काकांनी पत्र तीनदा वाचलं. मग ते काकूंकडे वळले. "तू बोललीस त्याच्याशी. चहा देताना. तुला काही पोटात ठेवता येत नाही!" लग्नानंतर पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. मी टेबलाशी बसलो होतो, माझ्यापुढे कांदाभजी होती. काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं, अगदी क्षणभर, आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "हो. बोलले असेन." आणि मी? मी एक भजं उचललं आणि खाल्लं. मूग गिळून गप्प बसतात म्हणतात, मी भजी गिळून गप्प बसलो.

तीन आठवडे काका काकूंशी बोलले नाहीत. 'हिला सांग, मला चहा नको' हे मी सांगायचो, 'यांना सांग, ठेवलाय तो प्या' हेही मीच सांगायचो. रोज रात्री झोपताना ठरवायचो की उद्या सांगून टाकू, आणि रोज सकाळी वाटायचं, आता इतके दिवस गेले, आज सांगितलं तर आणखी वाईट दिसेल. चौथ्या आठवड्यात काकूंनी गुळाची पोळी केली आणि काकांचा अबोला त्या पोळीत विरघळला, तेव्हा तर मला सुटल्यासारखंच वाटलं. मिटलंय ना, मग कशाला उकरा? नवं कुलूप यायला वेळ लागला. नवी किल्ली काकांनी जानव्याला बांधली. फेरतपासणीची तारीख लांब मिळाली, आणि तेव्हा किल्ली कुठे असते असं विचारल्यावर त्यांनी गंभीरपणे शर्टाची बटणं सोडून दाखवली. दसरा गेला. खंडेनवमीला पाटावर पक्कड होती. रविवारी क्लबच्या रायफलीने ते नेम धरून यायचे, पण दुसऱ्याची रायफल म्हणजे दुसऱ्याचा चष्मा, म्हणायचे. मग एका रविवारी गेले नाहीत, आणि त्यानंतर गेलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, थंडी आहे.

परवाना आला तो पुढच्या वसंतात. त्या शनिवारी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. दुकानदाराने ती टू-फोर-थ्री आतून आणली, चिठ्ठी अजून तिथेच होती. काकांनी ती गालाला लावली, आठ्या गेल्या, तिच्यावर बसवलेल्या दुर्बिणीतून रस्त्यापलीकडच्या एका पाटीवर नेम धरला. मी वाट बघत होतो. फार वेळ झाला. मग आठ्या एकेक करून परत आल्या. त्यांनी रायफल अलगद काउंटरवर ठेवली. "बाजूचं सगळं दिसतं रे," ते मला मराठीत म्हणाले. "ज्याच्याकडे बघतो, तेवढंच दिसत नाही." दुकानदाराला त्यांनी सांगितलं, रायफल फार चांगली आहे, कोणा नव्या माणसाला द्या. चिठ्ठी मात्र सोडवून खिशात घातली. परतताना गाडीत ते माझ्याशी बोल्टच्या मुठीबद्दल बोलत होते, की ती आखूड नव्हतीच, आपला उगीच ग्रह झाला होता.

त्या शिशिरात आम्ही लेस्टरच्या त्या शेतावर गेलो, बिनबंदुकीचे. संध्याकाळी बांधाशी उभे होतो. झाडीतून एक हरीण बाहेर आलं, चांगलं मोठं, ठिपक्यांचं. मी कुजबुजलो, "काका, समोर." ते म्हणाले, "समोर बघून नाही दिसत मला," आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडे, माझ्या खांद्यापलीकडे बघितलं. "हां," ते म्हणाले, "आता दिसलं. केवढं गोड आहे!" ते माझ्याकडे तोंड करून हरीण बघत होते, माझ्यापासून दोन हातांवर, आणि हसत होते. त्या वेळी मी सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर होते, देवाशपथ होते. हरीण पळालं आणि मी म्हणालो, "चला, गारठा वाढला."

पुढे माझं लग्न झालं, आम्ही एजवेअरला घर घेतलं. काका मुलीने दिलेल्या काठीने चालायचे, आणि माझ्या बायकोला बारा महिने विचार करून एक कुकर निवडून दिला, तो आजही एका शिट्टीत डाळ शिजवतो. मग एका फेब्रुवारीत ते गेले. झोपेत, कोणाला त्रास न देता. मी खांदा दिला आणि तेव्हाही काही बोललो नाही.

त्याच वर्षीच्या दसऱ्याला मी काकूंकडे गेलो. इकडे आपट्याची पानं मिळत नाहीत, म्हणून काकू बागेतल्या झुडपाची कुठलीतरी पानं सोनं म्हणून देतात. जिन्याखालच्या कपाटाला झेंडूचा हार घातलेला होता. मला राहवलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, फोन, करंडा, अनबाथ्ड, सगळं. सांगताना मला रडू आलं ते वेगळंच. काकूंनी मला खुर्चीवर बसवलं.

"अरे, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी आतच होते ना. तू करंड्याचं बोललास आणि माझं लाटणं थांबलं."

"मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

"तुझं नाव सांगितलं असतं तर त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं असतं. माझ्याशी किती दिवस टाकणार? आणि त्या रायफलीबद्दल बोलायला त्यांना घरात दुसरं होतं कोण? मी तर कधी ऐकून घेतलं नाही." त्यांनी कपाटावरचा हार सारखा केला. "ऐकून घ्यायला हवं होतं रे."

मग त्यांनी कपाट उघडून दाखवलं. आत चकलीचा पितळी सोऱ्या होता, "घरातलं हत्यार काय ते एवढंच," असं त्या म्हणाल्या. त्याच्यामागे पाच भोकांचा तो पिवळा कागद उभा करून ठेवला होता आणि त्याला दुकानातली चिठ्ठी टाचलेली होती. कपाट बंद करून त्या देवघराशी गेल्या, करंडा उघडला आणि किल्ली आत ठेवली.

"परत तिथेच?" मी विचारलं.

"आता करंडा कोणी उघडत नाही," काकू म्हणाल्या. झाकण लावून त्यांनी पुन्हा एकदा दाबून बघितलं, आणि मला सोनं देत म्हणाल्या, "कोणाला सांगू नकोस हो."